बिनखुणेचा कपडा

गल्लीच्या वळणावर, जिथे टेम्पोला एकदा मागे घेतल्याशिवाय वळताच येत नाही, तिथे घडीवाल्यांचं इस्त्रीचं दुकान आहे. घडीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शर्टाची घडी अशी घालतात की नवा करकरीत खोक्यातून काढलाय असं वाटावं, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. खरं आडनाव आता त्यांच्या बायकोलाही विजेचं बिल आलं की तेवढ्यापुरतं आठवतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे इस्त्रीचं टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, त्यावर भाजून भाजून पिवळी पडलेली चादर. मागे धुलाईची दोन मशिनं, ती बायकोच्या ताब्यात. मशिनांच्या पलीकडून जिना वर जातो तो थेट घरात. त्यामुळे घरातल्या कुणालाही बाहेर पडायचं तर वाफेतून आणि गठ्ठ्यांमधून वाट काढूनच पडावं लागतं. पोरं त्यातच रांगली, त्यातच मोठी झाली.

कपडे हरवू नयेत म्हणून इतर ठिकाणी चिठ्ठ्या लावतात. घडीवाल्यांना चिठ्ठीचा राग. चिठ्ठी भिजते, सुटते आणि भांडण लावून देते. त्यांच्याकडे दोरा. कॉलरच्या आत किंवा कमरेच्या पट्टीच्या आत, कुणाच्या नजरेला पडणार नाहीत असे दोन-तीन टाके. दातांच्या डॉक्टरांचे निळे आडवे, शाळेतल्या शिपायाच्या घरचे पिवळे तिरपे, बँकवाल्या बाईंचे लाल उभे. आणि ज्या कपड्यावर कसलीच खूण नाही, तो आपल्या घरचा. नियम घडीवाल्यांच्या सासऱ्यांचा, दुकानही त्यांचंच. दोन्ही मुलांना अक्षरं यायच्या आधी खुणा यायला लागल्या होत्या.

सासऱ्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. कपड्यात जे दिसेल ते दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. कुणाच्या शर्टाला कसला वास, कुणाची चादर किती ठिगळांची, कुणाच्या खिशात काय सापडलं, सगळ्यावर कुलूप. खिशात सापडलेलं खिडकीतल्या चिनीमातीच्या बशीत ठेवायचं आणि घडीसोबत मुकाट्यानं परत करायचं. घडीवाल्यांचं तोंड या बाबतीत इतकं घट्ट की बायको म्हणायची, "तुमच्या पोटात एवढं काय काय आहे, की एक दिवस शिवण उसवेल बघा."

एवढं सगळं पोटात ठेवणाऱ्या माणसानं धाकट्याची गोष्टही तिथेच ठेवून दिली होती.

थोरली मुलगी सरळ, धडाडीची, बोलायला लागली की समोरचा कानाला हात लावेल अशी. धाकटा तिच्या पाठीवरचा. लहानपणी गठ्ठ्यांत बसून तो डोळे मिटून कापड ओळखायचा. सुती, रेशमी, भेसळीचं. घडीवाल्यांना कोण कौतुक! मग तो बायकांच्या ओढण्या डोक्याला गुंडाळून मशिनांच्या मध्ये मिरवायला लागला, तेव्हा त्यांना अचानक दारात उभं राहून रस्ता बघण्याचं काम निघायला लागलं. पुढे त्याने केस वाढवले. पुढे नखांना रंग आला. कधी काचेसारखा, नुसता चमकणारा. कधी चांगला भडक. घडीवाल्यांनी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. आपण त्याला कधी काही बोललो नाही, याचं त्यांना मनातून बरं वाटायचं. पण धाकट्याच्या बाजूने बघितलं तर ते खरंच कधी काही बोलले नव्हते. वाईट नाही, तसं चांगलंही नाही.

शेजारचा सायकल दुरुस्तीवाला मात्र फाटक्या तोंडाचा. "घडीवाले," तो चाकाचे आरे घट्ट करता करता म्हणायचा, "तुमची एक मुलगी की दोन? मी आपलं विचारतो, माझा हिशेब चुकायला नको."

"तुझा ब्रेक बघ आधी," घडीवाले म्हणायचे आणि आत वळायचे. वर घरात गेल्यावर मात्र त्या दिवशी ते धाकट्याकडे जरा कमी बघायचे.

धाकटा आता एकोणीस वर्षांचा. सकाळी कॉलेज, दुपारनंतर पडद्यांच्या दुकानात शिलाईचं काम. हात इतका चांगला की मालकाने त्याला मोठ्या खिडक्यांचे पडदे द्यायला सुरुवात केली होती. थोरलीला दूरच्या गावी नोकरी लागली होती आणि रविवारी सकाळी ती निघणार होती. तिनेच फर्मान काढलं, "जायच्या आधी स्टुडिओत जाऊन चौघांचा फोटो काढायचा. शनिवारी संध्याकाळी सहाला. ज्याला ज्यात आपण छान दिसतो असं वाटतं त्याने ते घालायचं. मला तिकडे भिंतीवर तुम्हाला बघायचंय, उसन्या कपड्यातल्या पाहुण्यांना नाही."

शुक्रवारी दुपारी घडीवाल्यांच्या गठ्ठ्यात एक स्कर्ट निघाला.

बाटलीच्या काचेसारखा हिरवा, घोट्यापर्यंत लांब, आणि चुण्या अशा की त्यांनी हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि चष्मा लावला. एकेक चुणी एका मापाची. आतली शिवण बाहेरच्या शिवणीइतकीच साफ. आजकाल आत कोण बघतं? शिवणाऱ्याने बघितलं होतं. "वा," घडीवाले एकटेच म्हणाले. मग सवयीने हात फिरवला तर कडेला चक्क खिसा. "आता बायकांच्या कपड्यालाही खिसे फुटले!" खिशात शिंप्याच्या खडूचा झिजलेला तुकडा होता. तो त्यांनी बशीत ठेवला.

कमरेच्या पट्टीच्या आत बघितलं. खूण नाही.

खूण नाही म्हणजे आपला. नियम तोच सांगत होता, खडूही तेच सांगत होता. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी हेच उत्तर दिलं असतं. पण घडीवाल्यांनी स्वतःशी दुसराच हिशेब मांडला. थोरली स्कर्ट घालत नाही. बायको तर नाहीच नाही. मग आपल्या घरात उरलं कोण? कुणीच उरलं नाही. बँकवाल्या बाईंकडे नात राहायला आलीय, तिचे नवे कपडे परवाही असेच बिनखुणेचे आले होते, आणि त्यांचा गठ्ठा शेजारीच तर पडलाय. झालं.

लाल दोरा ओवून त्यांनी पट्टीच्या आत दोन उभे टाके घातले. मग ओलं फडकं पसरून, एकेक चुणी बोटाने धरून, वाफ देत, चांगला तासभर त्या स्कर्टाला इस्त्री केली. शनिवारी सकाळी बँकवाल्या बाईंच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर तो ठेवला, सायकलला बांधला आणि पोचवून आले.

दुपारी धाकटा कामावरून लवकर आला. जिन्याकडे न जाता घरच्या कपड्यांच्या फळीपाशी गेला. वरचं खाली केलं, खालचं वर केलं. मग टेबलाखाली बघितलं.

"काय शोधतोस?" घडीवाल्यांनी विचारलं.

"हिरवा होता. चुण्यांचा."

"तो होय! तो बँकवाल्या बाईंकडे पोचलासुद्धा. त्यांच्या नातीचा—" आणि मग त्यांचं बोलणं चालता चालता पाय अडकावा तसं अडकलं.

धाकटा सरळ उभा राहिला. हाताला पडद्याचे दोरे चिकटले होते, ते तो एकेक करून काढत होता.

"मुद्दाम तुमच्या गठ्ठ्यात ठेवला होता," तो म्हणाला. "खूण नाही हे तुम्हाला दिसेल, मग कळेल, असं वाटलं. तोंडाने सांगायला जमत नव्हतं मला. कळलं की तुम्ही एक तर इस्त्री करून फळीवर ठेवाल, नाही तर तसाच बाजूला टाकाल. दोन्ही चाललं असतं, बाबा. पण तुम्ही तो दुसऱ्याच्या घरी पाठवून दिलात."

"अरे, मला खरंच वाटलं की—"

"नको असेल तर तसं सांगायचं. मी पँट घालतो फोटोला. आहे धुतलेली."

तो जिना चढून गेला. पायांचा आवाजही केला नाही. दारं आपटली असती तर घडीवाल्यांना जरा सोपं गेलं असतं.

मशिनांच्या मागून बायको पदराला हात पुसत आली. "झालं समाधान?"

"तुला माहीत होतं?"

"मला, थोरलीला, दोघींना. तीन आठवडे शिवत होता. पडद्याचं उरलेलं कापड साठवून साठवून."

"मग मला कुणी सांगायला काय झालं होतं?"

"सांगणार होते. तोच म्हणाला, बाबांना मी सांगतो, माझ्या पद्धतीने." तिने खिडकीतल्या बशीकडे बघितलं. "अहो, तो खडूसुद्धा ओळखला नाहीत तुम्ही? रोज जिन्यावर पायाखाली येतो तो."

घडीवाले बशीसमोर जाऊन उभे राहिले. ओळखला नाही असं नव्हतं. ओळखायचाच नव्हता. आपल्या बोटांना कळलं होतं आणि आपण बोटांना गप्प बसवलं, हे त्यांना त्या बशीसमोर उभं राहून पहिल्यांदा दिसलं. घड्याळात साडेतीन होत होते. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि सायकल काढली.

"आता कुठे?"

"आपला कपडा आणायला."

बँकवाल्या बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. वाटेत घडीवाल्यांनी वाक्य तयार केलं होतं: दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कपडा चुकून आलाय. खोटं म्हणावं तर फार खोटं नाही. दार उघडलं तसं बाईच आधी म्हणाल्या, "अहो घडीवाले, आत्ता तुम्हालाच फोन करणार होते. तो हिरवा स्कर्ट आमचा नाही हो!"

घडीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. "तोच न्यायला आलोय, बाई. माझी चूक. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आहे."

"थांबा, थांबा. अगं ए, ये बाहेर!"

आतून नात आली ती स्कर्ट घालूनच. सोफ्यावर लोळून झालं असावं. चुण्यांचा पार चुरा झाला होता. तिने गर्रकन एक गिरकी घेतली. "आजोबा, याला खिसा आहे! माझ्या एकाही कपड्याला नाही."

"वेड लागलंय तिला सकाळपासून," बाई म्हणाल्या. "कुणाचा आहे? समोरच्या इमारतीतला का? कुठल्या दुकानातून घेतला ते विचारून सांगा ना."

"दुकानातला नाही. शिवलेला आहे."

"मग कुणी शिवला?"

कोपऱ्यात बाईंचे यजमान, सगळे ज्यांना साहेब म्हणतात ते, पेपर धरून बसले होते. पेपरचा कोपरा जरासा खाली आला.

"आमच्या घरचाच आहे," घडीवाले म्हणाले.

"अगं बाई, म्हणजे थोरलीचा! रविवारी चाललीय ना ती? हुशार हो पोरगी."

बाईंनी स्वतःच वाट करून दिली होती. मान नुसती हलवायची होती. हलवली असती तर स्कर्ट हातात, कौतुक पदरात, आणि जिना उतरून मोकळे. घडीवाल्यांनी मान हलवलीही असती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे हातावरचे दोरे एकेक करून काढणारा धाकटा आला. आज दिवसातून दुसऱ्यांदा त्याचा कपडा आपण दुसऱ्याच्या नावावर टाकायचा?

"थोरलीचा नाही," ते म्हणाले. "धाकट्याचा. त्यानेच शिवलाय आणि त्यालाच घालायचाय."

पेपर खाली आला.

"मुलगा?" साहेब म्हणाले. "मुलगा स्कर्ट घालणार? आणि तुम्ही घालू देणार?"

"घालू देणारा मी कोण, साहेब? मी इस्त्री करणारा."

"दोन ठेवून द्या कानाखाली. आमच्या काळात असली थेरं—"

साहेबांचा रेशमी झगा घडीवाले कित्येक वर्षं इस्त्री करत होते. गुलाबी, मोठमोठ्या फुलांचा, साहेब रोज संध्याकाळी आवडीने घालत तो. तो झगा आता घडीवाल्यांच्या जिभेच्या अगदी टोकाशी आला. एक शब्द सुटला असता तर साहेबांना पेपरमागेही तोंड लपवायला जागा उरली नसती. पण सासऱ्यांचं कुलूप सासऱ्यांचं. घडीवाल्यांनी आवंढा गिळला, त्याबरोबर झगाही गिळला.

"चांगला मुलगा आहे, साहेब," ते एवढंच म्हणाले. "हात उगारावा असं त्याने काही केलेलं नाही. सहाला फोटो आहे आमचा, आणि या चुण्या सगळ्या मोडल्यात. मला जरा घाई आहे."

"यापुढे आमचे कपडे तुमच्याकडे द्यावेत की नाही, विचार करावा लागेल."

"करा की. सोमवारी गठ्ठा उचलायला येतो, तोवर करा."

"तुम्ही पेपर वाचा हो," बाई नवऱ्याला म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता. नात आत जाऊन कपडे बदलून आली. स्कर्ट तिने दोन्ही हातांवर आडवा ठेवून दिला आणि हळूच विचारलं, "मला शिवून देईल का तो असा?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग पेपरकडे.

"विचारतो त्याला," घडीवाले म्हणाले.

खाली आल्यावर लक्षात आलं की घाईत बांधायला फडकं आणलं नव्हतं. सायकलवर टाकला तर आणखी चुरगळणार. मग एका हातावर स्कर्ट आणि एका हातात सायकल, असे ते भर रस्त्यातून चालत आले. सायकलवाल्याने दुरूनच बघितलं.

"काय घडीवाले! हा कुणाचा झेंडा?"

"धाकट्याचा स्कर्ट. चुकीच्या घरी गेला होता."

सायकलवाल्याच्या हातातला पाना थांबला. काही तरी खमंग बोलायला त्याने तोंड उघडलं, पण घडीवाले आज आत वळले नव्हते. तिथेच उभे होते, बोल बाबा, ऐकतो, अशा चेहऱ्याने. सायकलवाल्याने तोंड मिटलं. मग "रंग बरा आहे," म्हणाला आणि चाकात डोकं घातलं.

दुकानात आल्या आल्या घडीवाल्यांनी जिन्यातून हाक मारली, "अरे, खाली ये जरा! चुण्या कुठून धरायच्या ते दाखव."

वरून मग थोरलीचा आवाज, "जा ना रे गाढवा, ते आणायला गेले होते." मग पावलं. धाकटा पँट घालून, केस विंचरून तयार होता. टेबलावरचा हिरवा बघून तो शेवटच्या पायरीवरच थांबला.

"काय सांगितलंत त्यांना?" त्याने विचारलं.

"धाकट्याचा आहे म्हणून सांगितलं."

"कुणाकुणाला?"

"बाईंना, साहेबांना, नातीला. येताना सायकलवाल्याला." घडीवाले चष्मा पुसत होते, तो काही इतका खराब नव्हता. "नातीला असाच एक हवाय. खिशासकट."

धाकटा हसला नाही, पण शेवटची पायरी उतरला.

घडीवाल्यांनी स्कर्ट उलटा केला आणि कमरेची पट्टी उजेडात धरली. लाल दोन टाके. ते इस्त्रीखाली चेपून चांगलेच रुतून बसले होते. "तुझं ते उसवायचं हत्यार दे," ते म्हणाले. धाकट्याने शर्टाच्या खिशातून छोटं काट्यासारखं हत्यार काढून दिलं. घडीवाल्यांनी ते टाक्याखाली घातलं, पण टाका इतका रुतला होता की कापडालाच टोक लागतंय की काय असं झालं.

"द्या, मी काढतो," धाकटा म्हणाला.

"नको. मी घातलेत, मीच काढणार. तू कापड ताणून धर."

मग दोघंही त्या पट्टीवर वाकले. एक ताणून धरणारा, एक उसवणारा. पहिला टाका सुटला. दुसरा सुटला. तिथे सुईची बारीक भोकं राहिली, तीही घडीवाल्यांनी नखाने घासून आणि वाफ देऊन बुजवली. मग सवयीने पट्टी आतून पुन्हा एकदा तपासली, दुकानात आलेला प्रत्येक कपडा तपासतात तशी. खूण नव्हती.

"आपला आहे," ते म्हणाले.

धाकट्याने पट्टी सोडली नाही. मग नाक ओढून म्हणाला, "चुण्या डावीकडून सुरू करा. एकाखाली एक आहेत. तुम्ही काल उलटीकडून केल्या असणार."

"उलटीकडून? तीस वर्षं इस्त्री करतोय मी!"

"पँटची करताय, बाबा."

"ऐका, ऐका," मशिनांमागून बायको म्हणाली.

डावीकडून सुरू केल्यावर काम खरंच सोपं गेलं. धाकटा चुणी लावून द्यायचा, घडीवाले वाफ द्यायचे. शेवटी त्यांनी बशीतला खडू उचलला आणि खिशात परत टाकला. वरून थोरली ओरडत होती की फोटोवाला काही आपल्यासाठी मुक्काम टाकून बसणार नाही.

चौघं निघाले तेव्हा उन्हं कलली होती. धाकट्याने वर पांढरा शर्ट घातला होता, बाह्या दुमडून. दुकानाच्या पायरीवर तो क्षणभर अडखळला, रस्ता दोन्हीकडून बघितला. सायकलवाला चाक फिरवत होता, फिरवतच राहिला. समोरच्या बाकावरची दोन पोरं एकमेकांना कोपर मारत होती.

"चला पुढे," घडीवाले म्हणाले.

"तुम्ही या ना बरोबर," थोरली म्हणाली.

"चाल तू. मी मागेच बरा आहे. मागच्या चुण्या चालताना कशा पडतात ते बघायचंय मला."

आणि ते खरोखरच सगळी वाट धाकट्याच्या एक पाऊल मागे चालले. मागून कुणी खाकरलं, कुणी शीळ घातली, तर आधी मध्ये येणार ती घडीवाल्यांचीच पाठ. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. चुण्या पावलागणिक उघडत होत्या आणि पुन्हा एकाखाली एक जाऊन बसत होत्या, एकही जागा न चुकता.

"डावीकडची एक जरा वर राहिलीय रे," स्टुडिओच्या दारात ते म्हणाले, आणि खाली वाकून हाताने ती सरळ केली.